मुलीची इंग्रज बाई

माझा जळफळाट एका मेलेल्या बाईवर आहे. सव्वादोनशे वर्षांपूर्वीची इंग्रज लेखिका. मुलींना मुलांसारखंच शिकवा, नवऱ्याच्या तोंडाकडे बघत जगायला लावू नका, असं तिने त्या काळात ठणकावून लिहिलं. माझी मुलगी इथे सिल्वासाच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करते. तिने ही बाई वाचली आणि आमच्या दोघींच्या घरात एक माणूस वाढलं. आरशाशेजारी तिचं चित्र लागलं. जेवताना तीच, भांडताना तीच.

आता हेच तर मी मुलीला लहानपणापासून सांगत आले! मराठी शाळेत शिक्षिकेची नोकरी करून एकटीने वाढवलंय तिला. पण मी सांगितलं तर ती कटकट, आणि त्या बाईने इंग्रजीत सांगितलं की विचार. मी 'स्वतःच्या पायावर उभी राहा' म्हटलं की मुलगी म्हणणार, "आई, पाछी चालू झालीस? परत तेच?"

मेच्या सुट्टीत ती मैत्रिणींबरोबर वासोण्याच्या सफारीत सिंह बघायला गेली, तेव्हा मी डिक्शनरी घेऊन त्या बाईचं चरित्र वाचायला बसले. खोट काढायलाच. आणि सापडली! प्रियकराने सोडलं म्हणून बाईंनी नदीत उडी घेतली होती, लोकांनी वाचवलं. मला इतका आनंद झाला की मी उठून आलं घालून चहा केला.

संध्याकाळी मी कुकर लावला होता. मुलगी दारात चपला काढतेय तोवरच मी म्हणाले, "तुझी बाई एका पुरुषापायी जीव द्यायला निघाली होती. माहीत आहे?"

"माहीत आहे. म्हणून तर ती मला आपली वाटते. तिने लपवलं नाही काही. बाबांनी सामरवरणीला दुसरा संसार थाटला तेव्हा तू काय केलंस? साडीला इस्त्री करून शाळेत गेलीस. तुला काही वाटलं तरी का गं, आई?"

त्या सकाळी शाळेआधी मी अथालच्या पुलावर गेले होते. कठडा धरून खाली दमणगंगेकडे बघत उभी होते. हिचा डबा भरायचा राहिलाय हे आठवलं आणि मागे फिरले. आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता ते अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या बाईनंतर सांगायचं म्हणजे मी तिची नक्कल केल्यासारखं झालं असतं.

"कुकर बंद कर," मी म्हणाले.

ती आत गेली. जाताना टेबलावरचं त्या बाईचं पुस्तक उचलून घेऊन गेली.