पोटन्सीकाकांचा पन्नास नंबर

पोटन्सीकाकांकडे जगातल्या प्रत्येक दुखण्यावर पांढरी गोळी होती, फक्त स्वतःच्या सिगारेटवर नव्हती. दुबईत अल बर्शातल्या आमच्या इमारतीत कुणी शिंकलं की काका दारात हजर. "जीभ काढ," म्हणत साबुदाण्याएवढ्या चार होमिओपॅथीच्या गोळ्या टाकायचे आणि बजावायचे, "कांदा, कॉफी बंद. उग्र वासाने औषध मरतं." बजावताना त्यांच्या शर्टाचा सिगारेटचा वास लिफ्टपर्यंत पोचायचा. या वासाने औषध मरत नाही का, असं मी एकदा विचारलं. "पथ्य पेशंटला असतं," काका म्हणाले.

काका डॉक्टर नव्हते. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या रंगाच्या कारखान्यात क्वालिटी मॅनेजर होते. तिथे रंग जरा पातळ झाला तरी सगळा माल परत पाठवायचे. घरी मात्र औषध जितकं पातळ तितकं जबरदस्त, ही त्यांची श्रद्धा. "मूळ पदार्थ कमी, तसा नंबर मोठा. नंबर मोठा, तशी पोटन्सी हाय," हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं की इमारतीने त्यांचं बारसंच करून टाकलं.

काकूंना दमा होता. त्यांना गोळ्याही मिळत होत्या आणि धूरही. शेवटी एक दिवस त्यांनी इनहेलर पर्समध्ये टाकला आणि पुण्याच्या फ्लॅटवर कायमच्या निघाल्या. जाताना भांडल्या नाहीत. "रिटायर झालात की सिगारेट सोडून या. धुरासकट येणार असाल तर येऊ नका," एवढंच म्हणाल्या. काकांच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते. त्यानंतर व्हिसा खलास, आणि पुण्याशिवाय दुसरं घर नाही.

शपथा घेऊन झाल्या, च्युइंग गम चघळून झाले. मग ऑफिसात कुणीतरी व्हेपचा, म्हणजे बॅटरीवरच्या सिगारेटचा सल्ला दिला. काकांनी दुकानात मला बरोबर नेलं, उद्या काकूंसमोर साक्षीदार हवा म्हणून. दुकानदार मलबारी, शांत माणूस. त्याने निकोटिनच्या बाटल्या ओळीने मांडल्या, तीनपासून पन्नासपर्यंत.

"अंकल, दिन में कितना सिगरेट?"

"एक पाकीट."

"तो बीस से शुरू करो. फिर धीरे धीरे नीचे."

काकांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पचास दो. उसमें निकोटिन नाम को ही होगा."

"अंकल, वो तो बहुत स्ट्राँग है."

"वही तो मैं बोल रहा हूँ," काका म्हणाले.

पार्किंगमध्ये त्यांनी छाती भरून झुरके घेतले आणि गाडीचं बॉनेट धरून उभे राहिले. घाम, मळमळ, धडधड. मी चांगलीच घाबरले. काका कपाळ पुसत म्हणाले, "लागू पडतंय. आधी लक्षणं वाढतातच."

घरी आणून त्यांना सोफ्यावर आडवं केलं. माझी लेक शर्वरी फार्मसी शिकते. तिने बाटली फिरवून पाहिली. "काका, इट्स मिलिग्रॅम्स. मोअर इज जस्ट मोअर," एवढं बोलून ती पुन्हा फोनमध्ये शिरली. एरवी काकांनी तिला तासभर तत्त्वज्ञान ऐकवलं असतं, पण त्यांना उठून बसवत नव्हतं.

मग रागाने त्यांनी तीन आणलं. त्याने तल्लफ भागेना. दिवसभर तोंडात नळी आणि संध्याकाळी बाल्कनीत पुन्हा सिगारेट. शेवटी मान खाली घालून ते मलबाऱ्याकडे गेले आणि वीस घेऊन आले. सिगारेट सुटली. वीसचे बारा झाले, बाराचे सहा, सहाचे तीन. तिथे गाडी अडली. व्हेप भारतात न्यायला बंदी, सिगारेट मात्र तिकडे कोपऱ्याकोपऱ्यावर. या कायद्यावर कोणती गोळी द्यायची, हे काकांनाही सुचलं नाही. तीनवर असताना विमानात बसले असते, तर पुण्यात उतरल्यावर पहिली टपरी त्यांना गाठणार होती, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

निघायला थोडे आठवडे उरले असताना ते एका सकाळी आमच्याकडे आले. चेहरा उजळलेला, हातात शून्य निकोटिनची बाटली. "शून्य नंबरात मूळ पदार्थ अजिबातच नसतो. म्हणजे बघ, ती सगळ्यात हाय पोटन्सी." शर्वरीने तोंड उघडलं, मी तिचा हात दाबला. त्या सिद्धांताने आजवर कुणाचं काही बरं केलेलं मी पाहिलं नव्हतं. आता करत होता, तर आपण कशाला मध्ये पडा.

विमानतळावर त्यांनी रिकामा व्हेप माझ्या हातात दिला. त्या माणसाला इतकं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "ती आत घेईल ना गं?" त्यांनी विचारलं. "घेतील हो," मी म्हणाले. पुढच्या शिंकेला दारात कुणी येणार नाही, याचंही फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी काकूंचाच फोन आला. "अगं, दारातच उभं केलं त्यांना. शर्ट हुंगला, हात हुंगले, मान हुंगली. शेजारीण बघत होती, म्हटलं बघू दे."

"मग?"



"लग्नानंतर पहिल्यांदा कळलं गं, या माणसाला स्वतःचा असा एक वास आहे."