आधी काळीज बघा

वेंगुर्ल्याच्या आमच्या काजू कारखान्यात दर सोमवारी पहिलं पोतं चढायच्या आधी काट्यावर शेवंताकाकी चढायची. आकडा स्वतःच मोठ्यानं वाचायची, "ब्याण्णव." कुणी हसलं तर म्हणायची, "वजन माझां, लाज तुमका कित्याक?" मग पदर खोचून आपल्या पाटावर बसायची आणि पांढरे अख्खे गर एकीकडे, फुटके एकीकडे अशी तिची बोटं दिवसभर चालायची.

मी हिंगोलीकडची. सातवीत शाळा सुटली, लग्नानंतर नवऱ्याबरोबर इकडे आले. त्यांना बॉयलरवर काम मिळालं, मला गर सोलायचं. इथली भाषा कळेना, घशाखाली भात उतरेना. कागद नि खुर्चीवरचा माणूस दिसला की मी आजही दाराबाहेरच थांबते. काकी मला "घाटीण" म्हणायची, पण पहिल्या दिवशी डब्यातली अर्धी भाकरी तिनंच माझ्यापुढं सरकवली होती. दोन घास पोटात गेल्यावर मला रडू फुटलं. ती म्हणाली, "रड गो, पण आधी जेव, मगे रड."

एका वैशाखात कारखान्याचा चढ चढताना ती तीनदा थांबली. म्हणाली, पित्त झालंय. दोन दिवस कोकमाचं आगळ पाण्यात घालून पीत राहिली. तिसऱ्या दिवशी गर निवडता निवडता डावा हात चोळायला लागली. जबडा ठणकतोय, दात किडला असेल, असंही म्हणाली. अंगावरचा घाम बघून मी तिला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होते. बाहेर रांग मोठी. काकीनं धाप लागते आणि पित्त उठतं एवढंच सांगितलं. त्यांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, एवढं वजन असल्यावर धाप लागणारच, आधी ते कमी करा. पित्ताच्या गोळ्या लिहून चिठ्ठी पुढं केली. नळी छातीला लावली नाही, हातही धरला नाही.

काकीनं चिठ्ठी घेतली नाही.

"डाक्टरानु, वजन माका म्हायत आसा. मी तां कोणाक लपवलंय नाय. काळीज कसां आसा तां सांगा. तवसर मी हयसून उठूचंय नाय."

मागची माणसं कुरकुरायला लागली. मी तिचा पदर ओढत म्हटलं, काकी, चला, लोक बघतायत. ती म्हणाली, बघू देत, माझ्यात बघण्यासारखं पुष्कळ आहे. रांगेतली एक बाई हसली. डॉक्टरांनी वैतागून मला विचारलं, तुम्ही यांच्या कोण? खुर्चीवरच्या माणसाशी तोवर मी कधी बोलले नव्हते. तरी मी हाताचं सांगितलं, जबड्याचं सांगितलं, घामाचं सांगितलं. त्यांचं पेन थांबलं. त्यांनी नर्सला हाक मारली. काकीच्या छातीला वायरी लागल्या, कागदाची पट्टी बाहेर आली, ती बघून ते उभेच राहिले. अर्ध्या तासात आम्ही गाडीतून गोव्याला निघालो होतो.

तिथं तिच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली. तिथल्या डॉक्टरांनीही तिला वजनावरूनच सुनावलं. ते म्हणाले, अंगावरची चरबी नुसती अंगावर बसत नाही, रक्तदाब वाढवते, साखर वाढवते, हळूहळू नळ्या अरुंद करते. काकी मान हलवत सगळं ऐकत होती. मला वाटलं, आता हिचं तोंड सुटणार. ती एवढंच म्हणाली, "ह्यो खरां बोलता. ह्येना आधी बघल्यान, मगे सांगल्यान."

परत आली आणि ऐकलेलं सगळं तिनं केलं. तळलेला बांगडा रविवारपुरता, भाताला एकच वाटी, सुके खारे मासे बंद. पहाटे बंदरापर्यंत चालायची, सोबत मला न्यायची. दमली की गपचूप कठड्यावर टेकायची. वर्षभरात अंग उतरलं, तरी बारीक काही झाली नाही. कारखान्यातल्या बायका हळहळल्या. आपल्याकडे जाड झालेल्याला सुधारला म्हणतात नि उतरलेल्याला खराब झाला. त्याही म्हणाल्या, काय गो काकी, किती खराब झालंस.

"सुधारलंय तेवा मराक टेकलंय," काकी म्हणाली. "आता खराब झालंय, तर जिती आसंय."

पुढं सहा वर्षं ती जगली. मागच्या श्रावणात दुपारची जेवून आडवी झाली ती उठली नाही. हृदय एकदा दुखावलेलं होतंच.

बाराव्याला माणसं जमली होती. तिचा एक लांबचा पुतण्या पान लावता लावता म्हणाला, जाडेपणानं गेली, दुसरं काय. चार माणसांत मी कधी तोंड उघडलेलं नाही, त्यात मी परकी, घाटावरची. हातातलं ताट खाली ठेवलं.

म्हटलं, "जाडेपणानं आजारी पडली, हे खरं. पण पहिल्या डॉक्टरांनी पुढं केलेली पित्ताची चिठ्ठी घेऊन उठली असती, तर सहा वर्षांपूर्वीच गेली असती. तुम्ही तेव्हा तिथं नव्हता. मी होते."