प्रशांतचा पहिला कार्यक्रम

परवा नातवानं माळ्यावरचा माझा जुना ॲम्प्लिफायर सुरू केला आणि तापलेल्या धुळीचा वास घरभर पसरला. त्या वासासरशी आमच्या नंदनवन वस्तीतला गणपतीचा मांडव डोळ्यांपुढे आला. तिथला साउंडवाला मी होतो आणि कॉलेजातला प्रशांत पहिल्यांदाच लोकांसमोर बेस गिटार वाजवत होता.

आज तो नावाजलेल्या रॉक बँडमध्ये आहे. मुलाखतींत माझ्याबद्दल सांगतो, "माझा आवाज पहिल्यांदा काकाजींनी लोकांपर्यंत पोचवला." ते खरं नाही. दुसऱ्याच गाण्याला मंडळाचा अध्यक्ष माझ्यावर ओरडला, "काय ढुमढुम करून राहिला बे तो? बंद कर त्याले!" पुढच्या वर्षीचं काम जाईल या भीतीनं मी प्रशांतच्या गिटारचा आवाज पार बंद केला.

त्याचा आधार जाताच ड्रमवाला भांबावला, ताल घसरू लागला. प्रशांतनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग मागे सरकून त्यानं गिटारचं टोक ड्रमवाल्याच्या लाकडी स्टुलाला टेकवलं आणि तसाच वाजवत राहिला. बसल्या जागी थरथर जाणवताच ड्रमवाला हसून ओरडला, "आलं बे, आलं!" गाणं सावरलं. तेव्हा मला तो हट्ट वाटला होता. स्वतःला ऐकू न येणारं इतकं मनापासून वाजवणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

कार्यक्रमानंतर तो म्हणाला, "काकाजी, उद्या मले थोडं वाढवून द्या जी."

"वायर लूज होती," मी म्हणालो.

"हो जी," म्हणत त्यानं माझा जड स्पीकर उचलायला हात लावला.