वन्संचं शिंगरू

माझ्या नणंदेला मी वन्सं म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी तसं म्हणायला सांगितलं आणि ते तोंडात बसलं ते बसलंच. बाकी सगळं गाव त्यांना 'चाबूकवाली' म्हणायचं. गंमत म्हणजे त्यांच्या हातात चाबूक कधी कुणी पाहिला नाही. लोकांची कोवळी, बिथरलेली घोडी त्या शिकवायच्या. तोंडात लगाम घ्यायला, पाठीवर खोगीर सोसायला, माणूस बसला की न उधळता चालायला. सहा-सात महिने जनावर आमच्या घरामागच्या पागेत राहायचं आणि शहाणं झालं की मालक येऊन घेऊन जायचा. लग्न त्यांनी केलं नाही. तो विषय कुणी काढला तर त्या उठून पागेत जायच्या.

चाळीस वर्षं हे केलं, पण स्वतःचं असं घोडं कधी ठेवलं नाही. आमच्या ह्यांनी एकदा विचारलं, "ताई, एखादं ठेवून का घेत नाहीस?"

"एक ठेवलं की दुसरं ठेवावंसं वाटेल. मग शिकवायचं कुणाला? तुला?" एवढं बोलून त्या पुन्हा खरारा करायला लागल्या.

त्या त्रेपन्न वर्षांच्या असताना ते शिंगरू आलं. एका ओळखीच्या घोडेवाल्याची घोडी वितानाच गेली. एका दिवसाचं पोर टेम्पोत, घोंगडीत गुंडाळून त्याने आमच्या दारात आणलं. म्हणाला, "जगलं तर तुमचं." वन्संनी त्याला बाटलीने दूध पाजलं. पहिला महिनाभर त्या पागेतच झोपत होत्या. मी जेवणाचं ताट तिकडे नेऊन द्यायची. ताट पुढे सरकवलं की त्या आधी शिंगराच्या तोंडाकडे बघायच्या, मग घास घ्यायच्या. चार पोरांच्या आयांनाही मी इतकं हळवं झालेलं पाहिलेलं नाही, आणि ह्या तर आमच्या वन्सं, ज्यांनी माझ्या मुलीचं बारसं 'घोडी आजारी आहे' म्हणून चुकवलं होतं.

तांबूस अंगाचं, मागच्या एका पायाला पांढरा मोजा घातल्यासारखं. नाव काही ठेवलं नाही. लोकांची घोडी नाव घेऊनच यायची, त्यामुळे वन्संना नाव ठेवायची सवयच नव्हती. शिंगरू माझ्या डोक्याच्या वर गेलं, आयाळ खांद्यावर रुळायला लागली, तरी हाक तीच. "शिंगरा, मागे हो."

घाई त्यांनी अजिबात केली नाही. तीन वर्षांचं झाल्यावर खोगीर ठेवलं. काही आठवड्यांनी एका सकाळी त्याच्या पाठीवर पोटावर आडव्या झाल्या, धान्याच्या पोत्यासारख्या. शिंगरू उभं राहिलं, फक्त एक कान मागे वळवला. आत आल्या तेव्हा चेहरा उजळला होता. "पुढच्या आठवड्यात बसते," म्हणाल्या.

तो पुढचा आठवडा आलाच नाही. दोन दिवसांनी माळ्यावरची पेटी काढताना स्टुलाचा पाय सरकला आणि वन्सं फरशीवर पाठीवर आदळल्या. चाळीस वर्षांत घोड्यांनी किती वेळा पाडलं असेल, हात मोडला, बरगडी मोडली, आणि नेमकं स्वयंपाकघरातल्या स्टुलाने दावा साधला. पाठीचे दोन मणके चेपले होते.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, पण बोलायला स्पष्ट. "चालाल. जिनाही चढाल. घोड्यावर मात्र बसायचं नाही. पुन्हा एकदा पडलात तर पाय जातील."

"आणि पडलेच नाही तर?" वन्संनी विचारलं.

"स्टुलावरून पडाल असं तरी कुठे वाटलं होतं तुम्हाला?"

वन्संनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

अडीच महिने त्या अंथरुणाला खिळून होत्या. शिंगराचं सगळं माझ्यावर आलं. सव्वीस वर्षं त्या घरात काढली, पण घोड्याच्या अंगाला मी बोट लावलं नव्हतं. चारा टाकायचा, पाणी ठेवायचं, शेण काढायचं आणि उलट्या पावली बाहेर यायचं, एवढंच मला जमायचं. फिरवणार कोण? दोर हातात घेतला की मी तो पुन्हा खुंटीलाच टांगायची. शिंगरू दिवसभर उभं. आधी ते फळ्यांना लाथा मारायला लागलं. मग एकदा माझ्या खांद्याला चावलं. मग लाथा थांबल्या आणि ते दारात उभं राहून डोकं डुलवायला लागलं. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, तासन्‌तास. मला वाटलं, बरंय, शांत झालं.

वन्सं पाठीला पट्टा बांधून, काठी टेकत पहिल्यांदा स्वयंपाकघरापर्यंत आल्या तेव्हा खिडकीतून पागेचं दार दिसलं. त्या तिथेच उभ्या राहिल्या. मी खुर्ची पुढे केली, ती त्यांना दिसलीच नाही.

"कधीपासून करतंय हे?"

"झाला असेल महिना. काय झालं?"

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला कशाला त्रास, म्हणून…"

"वेड लागतंय त्याला," वन्सं म्हणाल्या. "उभं राहून राहून वेड लागतंय. ह्यावरून मी लोकांच्या दारात जाऊन भांडले आहे गं. नुसतं बांधूनच ठेवायचंय तर दगडाचा घोडा आणा, असं तोंडावर बोलले आहे लोकांना."

तरी लगेच काही ठरलं नाही. आमच्या ह्यांनी सुचवलं, एखादा माणूस ठेवू, रोज येऊन त्याच्या पाठीवर बसेल, शिंगरू इथेच राहील. वन्सं दोन दिवस त्यावर विचार करत होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी भांडी घासताना मला पागेत खडखड ऐकू आली. जाऊन पाहते तर शिंगराच्या पाठीवर खोगीर आणि वन्सं चढायच्या ओट्यावर उभ्या. काठी खाली पडलेली. खोगीर त्यांनी तिथवर कसं उचललं, देव जाणे. डावा पाय रिकिबीत होता.

मी ओरडले नाही. जनावर बिथरेल एवढं तरी मला कळत होतं. "वन्सं, खाली या," एवढंच म्हटलं.

"बसले नाहीये अजून."

"दिसतंय मला. खाली या."

बराच वेळ त्या तशाच उभ्या. शिंगरूही हललं नाही. मग त्यांनी पाय काढून घेतला. मी खोगीर उतरवलं, आयुष्यात पहिल्यांदाच. वन्संनी त्याची पाठ फडक्याने पुसली, आणि पुसून झाल्यावर पुन्हा पुसली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रोज येणारा माणूस नको. मला बघवणार नाही, आणि मी त्याला धड कामही करू देणार नाही. ह्याला ह्याचा माणूस शोधायला हवा."

बघायला तिघं आली. पहिला एका विश्रामगृहाचा मालक. त्याला शिंगराचा रंग आवडला. "काही करायला नको हो त्याने. बागेत उभा राहिला की झालं, पाहुणे फोटो काढतील." वन्संनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. दुसरा शर्यतीच्या तबेल्याचा माणूस, जाणकार. पाय चाचपले, दात पाहिले, म्हणाला, "सहा महिन्यांत पळवतो." वन्सं म्हणाल्या, "तुम्ही पळवाल, त्यात शंका नाही. पुढे पाय गेले की?" तो प्रामाणिक होता. पाय जातात हे कबूल करून उठला.

तिसरी आली ती जंगलखात्यातली वनरक्षक, तिशीची, काळीसावळी, बुटांना वाळलेला चिखल. जिथे जीप जात नाही त्या डोंगरकड्यांवर ह्या लोकांची गस्त घोड्यावरून असते. वन्संनी कुंपणाच्या आत एक बादली पालथी घातली आणि तिला म्हणाल्या, "बसा."

"काय करायचं?"

"काही नाही. बसा नुसत्या."

ती दीड तास बसली. घड्याळ बघितलं नाही. शिंगरू आधी लांबून फुरफुरलं, मग जवळ येऊन तिच्या बुटाची नाडी ओढायला लागलं. तिने ओढू दिली. बाहेर आली तेव्हा चेहरा पडलेला. म्हणाली, "बाई, एक सांगते. आधीच सांगायला हवं होतं. गेल्या वर्षी आमची म्हातारी घोडी उतारावर घसरली, मी पडले. तेव्हापासून चढताना माझा हात थरथरतो."

मला वाटलं, झालं, हीही गेली.

"कुठला हात?" वन्संनी विचारलं.

"डावा."

"लगामाचा. त्याला ते कळणार, लपणार नाही. पण मला कळलं हे बरं झालं. सुट्टी किती दिवसांची मिळेल?"

तिला साहेबांनी तीन महिने दिले. गावातच एक खोली घेऊन ती राहिली. रोज सकाळी वन्सं कुंपणाजवळ वेताच्या खुर्चीत बसून सांगायच्या आणि ती करायची. आठवडाभर बरं चाललं. ती पाठीवर बसू लागल्यावर मात्र अडचण आली. वन्सं तिला म्हणायच्या "सावकाश", आणि थांबायचं शिंगरू. थांबायचं आणि वळून थेट खुर्चीकडे यायचं. एकदा असंच गर्रकन वळलं, आणि ती बाई वाळूत पडली. लागलं नाही, पण उठली तेव्हा दोन्ही हात थरथरत होते. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी वन्सं कुजबुजत बोलून पाहू लागल्या, तर शिंगरू जागेवर उभं राहून कान त्यांच्याकडेच.

चौथ्या दिवशी वन्सं मला म्हणाल्या, "खुर्ची उचल."

मी ती भिंतीआड ठेवली. तिथूनही त्यांचा खोकला शिंगराला ओळखू यायचा. शेवटी खुर्ची स्वयंपाकघरात आली आणि दार लावलं गेलं. तेव्हापासून वन्सं त्याच्यासमोर गेल्या नाहीत. सकाळचा खरारासुद्धा ती बाई आणि मी करायचो.

"इतकं कठोर कशाला व्हायचं?" मी एकदा म्हटलं. "दिवसातून एकदा तोंड दाखवलंत तर काय बिघडेल?"

"उद्या कड्याच्या काठावर ते तिचं ऐकायचं सोडून मागे वळून मला शोधायला लागलं तर? मी असणार आहे का तिथे?"

पहिले दहा-बारा दिवस शिंगरू घराकडे तोंड करून खिंकाळायचं. ते खिंकाळलं की वन्सं नळ सोडून धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायच्या. ती बाई कामाला लागली की मात्र नळ बंद. मग भाजी निवडत त्या टापा ऐकायच्या, आणि दुपारी ती चहाला आली की सांगायच्या, "डावीकडच्या वळणावर तुम्ही श्वास धरता. ते अडखळतं तिथे." ती चकित व्हायची. एकदा वन्संनी तिचा डावा हात आपल्या हातात घेतला, लगामाच्या पट्ट्याचं एक टोक तिच्या बोटांत दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि अर्धा तास दोघी तशाच बसल्या. कोण किती ओढतं ते हाताने ओळखायचं, एवढंच.

एका सकाळी शिंगरू खिंकाळलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"गप्प झालं की हो," मी म्हटलं.

"ऐकलं मी," वन्सं म्हणाल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

तीन महिने संपले तेव्हा खात्याची गाडी आली. कागदावर जनावराचं नाव लिहायचं होतं. बाईने वन्संना विचारलं. "तुम्हीच ठेवा," वन्सं म्हणाल्या. तिने थोडा विचार करून 'सोबती' लिहिलं.

मग वन्सं बाहेर आल्या. मला वाटलं होतं, गळ्यात पडतील. तसं काही झालं नाही. शिंगराने त्यांची ओंजळ हुंगली, पदर ओठांनी चाचपला. वन्संनी त्याचे चारी खूर उचलवून बघितले, पायांवरून हात फिरवला, डोळे तपासले, अगदी लोकांची घोडी परत देताना बघायच्या तसे. आणि प्रत्येक मालकाला सांगायच्या तेच सांगितलं, "पहिले आठ दिवस पाणी त्याच्या ओळखीच्या बादलीतलं द्या." बादली मला गाडीत ठेवायला लावली. ती बाई पुढे चालू लागली आणि शिंगरू तिच्या मागोमाग फळीवरून चढलं. मागे वळलं नाही. गाडी वळणाआड गेल्यावर वन्संचा हात माझ्या दंडावर इतका घट्ट रुतला की पाच बोटांचे वळ दोन दिवस होते.

ते दिवस वाईट गेले. रिकाम्या पागेच्या बाजूची खिडकी त्या उघडू देत नसत. मी बळंबळं गप्पा काढायची, त्या हं हं करायच्या. मग सहा महिन्यांनी जंगलखात्याकडून पत्र आलं. त्या बाईचं काम बघून साहेबांना आणखी दोघांना शिकायला पाठवायचं होतं. "मला आता घोडं शिकवता येत नाही," वन्सं म्हणाल्या. आमचे हे म्हणाले, "ताई, ते माणसं पाठवतायत." वन्सं जरा गोंधळल्या, मग म्हणाल्या, "माणसांना जास्त वेळ लागतो." पण हो म्हणाल्या. तेव्हापासून तेच चाललंय, माणसं आपापली घोडी घेऊन येतात. खुर्ची कधी कुंपणाजवळ असते, कधी स्वयंपाकघरात.

दोन वर्षांनी आम्ही दोघी त्या चौकीवर गेलो. जायला वन्सं आधी तयारच नव्हत्या. बाईची पत्रं यायची, ती वाचून डब्यात ठेवायच्या. मग एक दिवस आपणहून म्हणाल्या, "बसची वेळ बघ." आम्ही पोचलो तेव्हा ती गस्तीवरून उतरत होती. उतार मोठा होता, खडी सुटलेली. घोडा, आता त्याला शिंगरू म्हणणं शोभणारं नव्हतं, एकेक पाऊल चाचपून टाकत होता आणि ती सैल हाताने बसली होती. वन्सं दगडावर बसून नुसत्या बघत राहिल्या.

खाली आल्यावर त्याने वन्संना हुंगलं. केसांपाशी, मानेपाशी, मग पुन्हा केसांपाशी. ओळखलं, मी शपथेवर सांगते. थोडा वेळ थांबला त्यांच्याजवळ. मग बाईने खोगीर उतरवून चुटकी वाजवली आणि तो तिच्याकडे पाण्याला गेला.

"हात कसा आहे?" वन्संनी तिला विचारलं.

"अजून थरथरतो कधी कधी. पण आता सोबती थांबतो माझ्यासाठी."

परतीच्या बसमध्ये खिडकीशी वन्सं बसल्या होत्या. मला राहवलं नाही. "वाईट वाटलं का?"

"वाटलं की," त्या म्हणाल्या. "न वाटायला काय झालं?" थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाल्यासारखं, "पाठ छान भरली आहे त्याची." मग पाठीचा पट्टा जरा सैल केला, माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि गाव येईपर्यंत गाढ झोपल्या.