भिंतीकडे तोंड करून दिलेला भात

"विकून नाही राहिलो गा बाबू, देऊन राहिलो."

हे वाक्य ते भिंतीकडे तोंड करून म्हणत. आपण डबा पुढे केला की त्यांचा एक हात मागे येई, डबा घेई, आणि ते पाठमोरेच आत जात. परत येताना डबा गरम आणि जड झालेला असे, तोंड मात्र अजून भिंतीकडेच. त्यांच्या घरचा गोळाभात मी काही वर्षं खाल्ला, पण भात देताना त्यांचा चेहरा कसा दिसे, हे मला सांगता यायचं नाही.

तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि मी सरकारी कचेरीत कारकून होतो. बिऱ्हाड थाटायची ऐपत नव्हती, म्हणून जुन्या वस्तीत विणकरांच्या मोहल्ल्यात एक खोली घेऊन राहिलो होतो. माझ्यासारखे सडेफटिंग बाबू त्या गल्लीत बरेच होते. हे गृहस्थ माझ्या खोलीसमोर राहत; आम्ही बाबू त्यांना मामाजी म्हणायचो. बायको वारलेली, घरात एकच मुलगी, लग्नाला आलेली. लुगड्याचा काठ विणावा तर त्यांनीच, असं सारा मोहल्ला म्हणायचा. पण गिरणीची स्वस्त लुगडी आली, सूत मिळेनासं झालं, आणि त्यांचा हातमाग थांबला. तरी रोज सकाळी आंघोळ करून ते मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसत. कोणी विचारलं तर म्हणत, "सूत येऊन राहिलं. आज-उद्या येते."

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. त्याच्या घरात चूल किती वेळा पेटते हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही.

हा धंदा सुरू झाला तो माझ्या तापामुळे. हिवतापानं मी आडवा झालो होतो. खानावळीचं तिखट जाळ वरण घशाखाली उतरेना. मुलीनं ते पाहिलं असावं. संध्याकाळी झाकणाच्या पितळी गंजात मऊ भात आला. त्यात चण्याच्या डाळीच्या भरड्याचे वाफवलेले गोळे, वरून लाल मिरचीच्या फोडणीचं गरम तेल, आणि वाटीत चिंचेचं सार. गोळा भातात कुस्करून पहिला घास घेतला आणि आईची आठवण येऊन मला रडू आलं. ताप होता, म्हणून रडू आलं असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, ही आपल्याकडची रीत. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, म्हणून मी गंज घासून त्यात मूठभर तूरडाळ घातली. दुसऱ्या दिवशी गंज पुन्हा भरून आला. बातमी पसरायला काय वेळ लागतो? शेजारच्या खोलीतल्या बाबूनं आपला डबा पाठवला, त्यात तांदूळ घालून. मग तिसऱ्याचा आला. सगळ्यांनाच घरचा भात हवा होता. पण बाबूंनी रोज डाळ-तांदूळ कुठून आणायचे? एकानं डब्यात पैसे टाकले.

त्या दिवशी ते माझ्या खोलीत आले. कपाळावर घाम होता.

"बाबू, हे काय? डब्यात पैसे?"

"मामाजी, रोज फुकट कसं खायचं?"

"आमचा बाप सांगून गेला. सूत विकावं, लुगडं विकावं, रांधलेलं विकू नाही. लोकाइले समजलं तं पोरीले कोण करून घेईन?"

त्यांची खरी भीती ही होती. अन्न विकणाऱ्याच्या घरात सोयरीक कोण करणार? दुसरीकडे, भात दिला नाही तर पोरीलाच काय खाऊ घालायचं? मग आम्ही दोघांनी मिळून तोड काढली. पैसे डब्याच्या तळाशी ठेवायचे, झाकण लावायचं, बोलायचं काही नाही. त्यांनी डबा आत न्यायचा, मुलीनं तो उघडायचा. त्यांनी पैसे पाहायचे नाहीत, मोजायचे नाहीत, भाव सांगायचा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथे झाकला डबा होता.

या रीतीत एक मोठी खोट होती आणि आमच्या गल्लीतल्या लबाडांनी ती लगेच हेरली. एक बाबू खुशाल रिकामा डबा झाकण लावून द्यायचा. मामाजींना ते कळायचं, डब्याच्या आवाजावरूनच कळायचं, पण विचारणार कसं? विचारलं तर विकतो असं कबूल केल्यासारखं झालं! ते तसाच भरून द्यायचे. पोरगी मात्र बापावर गेली नव्हती. रिकाम्या डब्यात भात भरपूर जायचा, सार जायचं, गोळा जायचा नाही. त्या बाबूनं चार दिवस नुसता भात उकरून पाहिला आणि पाचव्या दिवसापासून मुकाट्यानं पैसे टाकू लागला. आम्ही पोट धरून हसलो. ते मात्र पोरीवर रागावले. "काहून वं असं करतं? भुकेला माणूस आहे."

"भुकेला नाही बाबा, फुकट्या आहे," ती म्हणाली.

सोवळ्यातली काही मंडळीही डबे पाठवत, पण मागच्या बोळातून. देणारा भिंतीकडे तोंड करून, घेणारा बोळातून. अन्न चोरीचा माल असावं तशी त्या गोळाभाताची ने-आण चाले.

मग उमरेडहून पाहुणे यायचं ठरलं. तेही विणकरच, पण खाऊन-पिऊन सुखी. चार माग चालू, मुलगा हाताशी आलेला. आदल्या दिवशी मामाजी प्रत्येक खोलीच्या दाराशी जाऊन हात जोडून आले. "उद्या येऊ नका बाप्पा. पोरीचं पाहणं होऊन जाऊ द्या." आम्ही सगळ्यांनी शब्द दिला. मला तर त्यांनी घरचा माणूस म्हणून बैठकीला बसवलं.

पाहुणे बसले. मुलाचा बाप, आई, एक काका. पोहे झाले, चहा झाला. मुलाची आई भिंतीवरच्या देवापासून चुलीपर्यंत सगळं डोळ्यांनी तपासत होती. "धंदा कसा काय?" बापानं विचारलं. "चालू आहे," मामाजी म्हणाले, आणि त्याच वेळी दारात रेल्वेतला एक तिकीट-बाबू उभा राहिला. हा दोन दिवस ड्युटीवर बाहेर होता, त्याला निरोप पोचलाच नव्हता. गाडीची घाई. त्यानं डबा उंबऱ्यावर ठेवला, खिशातून पैसे काढले आणि सगळ्यांसमोर झाकणावर ठेवून म्हणाला, "मामाजी, आज गोळे दोन जास्त टाका."

मी आजवर कोणाचा चेहरा इतका पडलेला पाहिला नाही. मामाजी पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "उसने नेले होते यानं. परत करून राहिला. गोळे तं शेजारधर्म."

मुलाच्या बापानं मान डोलावली. उसने देणारं घर, म्हणजे चांगलंच की! गोष्ट तिथेच निभावली असती. पण मुलगी आतून आली, पदर सावरला, डबा उचलला आणि म्हणाली, "बाबा, खोटं काहून बोलता? आम्ही गोळाभात विकतो. मी रांधतो, बाबा देतात. त्याच्यावरच घर चालते."

मामाजी उठले, आतल्या खोलीत गेले आणि बंद मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले. इतका वयस्क माणूस लपायला जागा शोधतो आहे, हे पाहून मला भयंकर लाज वाटली. त्यांच्यासाठी वाटली आणि माझ्यासाठीही, कारण त्यांना लपायला शिकवणाऱ्यांत मीही होतो.

मुलाच्या आईनं भात मागवला. खाल्ला, बोटं चाटली. मग म्हणाली, "पोरगी पसंत आहे. हात चांगला आहे. पण हे बंद करा. आमच्या सुनेचा बाप भात विकते, असं आम्हाले कोणी म्हटलेलं चालणार नाही."

मामाजी आतूनच म्हणाले, "आजपासून बंद."

आणि खरंच बंद झालं. लग्न झालं, मुलगी उमरेडला गेली. ते एका धान्याच्या गोदामावर राखणदारीला लागले. एकदा मी सहज म्हणून डबा पाठवला, तर तो घासून, पुसून, रिकामाच परत आला. सणासुदीलाही त्यांनी कोणाच्या घरी घासभर पाठवलं नाही. आपण कोणाला अन्न दिलं, की लोक ते विकलंच म्हणणार, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. आम्ही बाबू पुन्हा खानावळीत जाऊ लागलो. पुढे राजधानी गेली आणि तिच्यामागे माझीही भोपाळला बदली झाली.

काही वर्षांनी कामासाठी उमरेडच्या मोटार स्टँडवर उतरलो, तर टिनाच्या शेडखाली ही गर्दी! मधोमध मोठं पातेलं, आणि पातेल्यामागे मामाजींची मुलगी.

"गरम गोळाभात! बसून खा, बांधून न्या!" आवाज स्टँडभर जात होता. शेजारी तीच सासू, गोळे वळत होती आणि पैसे घेत होती. उमरेडचेही माग थांबले होते. मला पाहताच मुलगी ओरडली, "भाऊ! तुम्ही इकडं कुठं?"

मी मामाजींचं विचारलं. तिचा हात थांबला.

"गेले ना भाऊ. मागच्या पोळ्याच्या आधी."

लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिला मूल नव्हतं. ते अधूनमधून उमरेडला यायचे, ती सांगत होती, संत्री घेऊन यायचे, ओट्यावर बसायचे आणि उपाशीच परतायचे. तिनं कितीदा ताट वाढलं, कितीदा ते झाकून ठेवलं.

"मी हा धंदा लावला तं त्याइले सांगितलंच नाही. म्हटलं, जीव देतील. पण कोणीतरी सांगितलं. एक दिवस मोटारीतून उतरले आन इथंच उभे. मी म्हटलं, बाबा, घरी चला. आले नाही. लोकाइच्या मागं रांगेत उभे राहिले. नंबर आला तं सासूबाईले मोठ्यानं विचारलं, केवढ्याचा आहे भात? पैसे ठेवले. अन् त्या बाकावर बसून जेवले. दोनदा घेतला."

"काही बोलले?"

तिनं माझ्या पानावर गोळा ठेवला, वरून तेल सोडलं.

"मी रडून राहिली होती. तं मले म्हणे, रडतं काहून वं? घरचं असतं तं खाता आलं नसतं. विकतचं आहे म्हणून तं तुह्या हातचं जेवलो."