यूपीएसवरची कणीक

“अपा, यूपीएसवर परात ठिवू नगा!” नुरिजानं सासूला हटकलं.

“गरम हाय गं, कणीक झ्याक फुगती,” सासू म्हणाली.

नुरिजा चमकली. कॉम्प्युटर सकाळपासून बंद, मग याला ऊब कशाची? ओढा गोठू लागला की त्याच्या पाण्यावर चालणाऱ्या गावच्या जनित्रातून घराला दोन दिव्यांपुरतीच वीज यायची. दुसरा दिवा लावला की खटका पडायचा, म्हणून व्यायला आलेल्या मेंढ्या गोठ्यात अंधारात होत्या. दुसऱ्या दिव्याची वीज हाच बसल्याजागी गिळत होता. बॅटरी तर कधीच भरली होती, त्याला विजेची गरजच नव्हती. नुरिजानं यूपीएस बंद करून वायर उपसली आणि गोठ्यातला दिवा लावला. खटका पडला नाही.

“आन् माजी कणीक?”

“चुलीपाशी फुगंल.”

“गावाला सांगते, इजेचा चोर माज्या सुनंनं धरला!” सासूनं मान ताठ केली.

नुरिजा बाह्या सारून गोठ्यात कळा देणाऱ्या मेंढीपाशी बसली.