देवाच्या डोहातली मुशी

ती घटना आजही आठवते, आणि बाजारात मुशी, म्हणजे छोटा शार्क मासा, दिसली की हमखास आठवते.

लढाईचा काळ होता. मी शहापूर ठाण्यात फौजदार होतो. सापगावच्या खालच्या अंगाला भातसा नदीच्या काठी एक गाव आहे, तिथला पोलीस पाटील वर्दी घेऊन आला. एका शेतकऱ्याच्या पोटरीवर कोयत्याचा वार झाला होता, आणि संशय गावाबाहेरच्या वाडीतल्या एका मजुरावर होता. मासे धरण्याच्या जागेवरून दोघांचे नुकतेच कडाक्याचे भांडण झाले होते. मजुराला आणून कोठडीत घातले. त्याची बायको तान्हे मूल घेऊन ठाण्याच्या पायरीशी बसली. नवरा तुरुंगात गेला तर घरात चूल पेटणार नाही, हे तिने सांगायची गरज नव्हती.

मजुराला परोपरीने विचारले. त्याचे एकच म्हणणे, "सायेब, मी नाय केला वार." सराईत माणूस दर वेळी गोष्ट फुलवतो. याला त्या वाक्यापुढे काही सुचतच नव्हते. मला शंका आली. पंचनाम्याला गेलो, तर फिर्यादी शेतकऱ्याने सांगितलेल्या शेतात रक्ताचा थेंब नाही.

मग दवाखाना गाठला. डॉक्टरांनी जखमेतून निघालेला चपटा, तिकोनी दात पुढे केला. कडा करवतीसारख्या. मी समुद्रकाठचा, मुशी खाऊन वाढलेला, त्यामुळे दात लगेच ओळखला. पण मुशी इतक्या वर, गोड्या पाण्यात कशी, ते कळेना. दात फिर्यादीच्या उशाशी ठेवून म्हटले, "या कोयत्याची मूठ कुठे आहे, ते सांग."

तो रडू लागला. गावाशेजारचा डोह देवाचा. तिथे जाळे टाकणाऱ्याला गाव वाळीत टाकत असे. मुलीची सोयरीक जमली होती, सोयऱ्यांना चांगले मासे वाढावेत म्हणून हा चोरून डोहात उतरला आणि मुशीने पोटरी धरली. लोकांनीच जखम पाहून मजुराचे नाव घेतले. याने नुसती होकाराची मान हलवली.

"खरं सांगितलं तं पोरीचं लगीन मोडंल, सायेब."

"नाही सांगितलंस तर त्याचा संसार मोडेल," मी म्हणालो.

त्याने जबाब बदलला आणि मजूर सुटला. पण चावडीवर गाव जमले, वाळीत टाकायची बोलणी सुरू झाली. मी मध्ये पडणार, तोच मजूर उठला. आता हा राग काढणार, आणि काढला तर त्याचे काय चुकले, असे मला वाटले.

तो म्हणाला, "डोह देवाचा, तं मुशीबी देवाचीच ना? तिनं शिक्षा केली त्याला. आता आपुन पुन्ना कशाला करायची?"

 पाटलाने मान डोलावली आणि वाळीत टाकायची बोलणी तिथेच थांबली. लग्न ठरल्याप्रमाणे झाले, आणि मजूर बायको-मुलासह पंगतीला बसला. मुशीला मारायला कोणी डोहात उतरले नाही, याचा मला फार आनंद झाला. पुढे एका जाणकाराने दात पाहून सांगितले, की ही समुद्रातून वाट चुकलेली मुशी नव्हे. नदीत राहणारी ही जात फार दुर्मीळ, ती पाहिलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा नाही, हे कायद्यातले वाक्य मी परीक्षेसाठी पाठ केले होते. ते माणसांसाठी लिहिलेले आहे, हे मात्र मला त्या चावडीवर कळले, ज्याला सूड घ्यायचा पुरता हक्क होता त्याच्या तोंडून. खोट्या फिर्यादीचा खटला भरायचा की नाही, हे माझ्या हातात होते. मी तो भरला नाही.